निरंक

क्लाइपेडा बंदरावर, नोव्हेंबरात, एक पेटी आली.
ब्राझीलहून. पाइनची, नवी, सोळा स्क्रू,
वर पेल्याचं चित्र : सांभाळा, नाजूक आहे.
कागदावर : कलाकृती. नग एक.
विमा चाळीस हजार युरो.
आतला माल : निरंक.

ऑड्रोनेनं तो शब्द दोनदा वाचला.
बावीस वर्षं तिनं खोट्या तळाच्या सुटकेसा पाहिल्यात,
टायरमधल्या सिगारेटी, एकदा तर मधाच्या बरणीत घड्याळं.
आत काही नाही, असं सांगणारे रोजचेच.
'काही नाही'चा विमा उतरवणारी ही पहिलीच.

पेटी उघडली.
राखाडी फोम, आणि फोममध्ये
हातभर खोल कोरलेली जागा,
व्हायोलिनला असते तशी, पण व्हायोलिनची नव्हे.
मी टॉर्च धरला. तिनं हातमोजा चढवून
कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं,
आणि नियमाला लागतो त्याहून
जरा जास्त वेळ तो तिथेच राहू दिला.

घोडं अडलं ते पुढे.
एकूण वजन एकसष्ट किलो. निव्वळ वजन?
संगणकाला शून्य चालत नाही.
विल्मान्तास साहेब म्हणाले, एक ग्रॅम टाका नि जेवायला चला.
ऑड्रोनेनं फोन लावला.

पलीकडे ओतिलिया सेर्केइरा. तिच्या गावात
काचेची भट्टी होती, फुंकणारे अकरा जण होते,
भट्टी निघाली, फरशीवर गोल डाग राहिला,
नंतर तोही पुसला गेला.
मी माप घेतलं ते त्यानंतरचं, ती म्हणाली.
वजन? अडखळली. कुत्रं भुंकल्याचं ऐकू आलं.
मग : आमच्याकडे तर ते उचलायला
चौघे लागले.

चार ग्रॅम, लिहिलं ऑड्रोनेनं.
माणशी एक.

फेब्रुवारीत पेटी परत आली.
विल्नियसला बरेच लोक पाहून गेले म्हणे,
काही हसले, एक बाई तिकिटाचे पैसे परत मागत होती.
आम्ही काट्यावर चढवली.
एकसष्ट किलो, दोनशे ग्रॅम.

पुन्हा फोम, पुन्हा टॉर्च, पुन्हा तिचा हात.
काही नाही.
ओल धरली असेल लाकडानं, साहेब म्हणाले.
असेलही. समुद्र जवळ आहे.

'फरकाचं कारण' असा एक रकाना असतो.
ऑड्रोने बराच वेळ लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसली.
मग रकाना तसाच ठेवून
तिनं पुढचं बटण दाबलं

आणि संगणकानं, या खेपेला, हरकत घेतली नाही.