पासष्ट

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
मुर्तझाभाई डबी पुढे सरकवतात :
"राणीचा रुपया. प्रूफ. पासष्ट. चिठ्ठीवर लिहिलंय ना."

मी चिठ्ठी अंगठ्याखाली झाकतो.
दिवा तिरका धरतो.
थिजलेल्या पाण्यासारखी चांदी,
तिच्यात माझंच नाक, भिंग,
आणि राणीच्या गालामागे
केसाएवढी एक रेघ.

कुणीतरी पुसलाय हा, प्रेमानं,
धोतराच्या सोग्यानं बहुतेक.
तिथंच दहा हजार गेले.

आणि ठसा मूळचा,
की पलीकडच्या टांकसाळीनं मागाहून
हौशी साहेबांसाठी पुन्हा मारलेला?
आकडा यावर गप्प.

"घेताय?"
खाली हातगाडीवाला ओरडतो, बाजूला, बाजूला.
मी डबी परत देतो.
मग पुन्हा मागतो,
रेघ बघायला.