हीट नंबर २१७

वडगावातून उद्यमबागेत गेला
तेव्हा बाबांचा माग माग नव्हताच,
सहाशे बारा किलो बीड होतं.
दस्तगीरमामूनं काट्यावर चढवलं,
एकतीस रुपये किलो, लाकूड वेगळं.
बाबा म्हणाले, धोटे राहू देत.
राहू देत की भरमाण्णा, मामू म्हणाला,
मला काय करायचेत.

सुरतेची साडी खडेबाजारात तीनशेला मिळते,
बाबांना सूतच तेवढ्याचं पडायचं.
यात कुणाचं चुकलं, हे बीकॉमला
मी चार गुणांसाठी लिहिलं होतं.
तीन मिळाले.

आता मी फाउंड्रीत तपासनीस.
पाटी कन्नडात, बिल इंग्रजीत,
पायावर ठिणगी पडली की शिवी मराठीत.
भट्टीवरचा पोरगा बिहारचा.
तो कुठल्या भाषेत गप्प बसतो
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मामूचा टेम्पो गेटातून आत आला
आणि मी ओळखलं.
बाजूच्या चौकटीवर आईनं दर दसऱ्याला लावलेलं कुंकू
तेल पिऊन काळं झालेलं.
वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं:
हीट नंबर २१७.
वर्षभरात एवढं एकच काम
मी कुणी न सांगता केलं.

वितळायला चाळीस मिनिटं लागली.
घ्यायला अकरा वर्षं.
सोसायटीचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी
बाबांनी गल्लीत कुंदा वाटला होता
आणि संध्याकाळी पुन्हा तुटलेला धागा जोडायला बसले होते.

२१७ मधून पंपाची बावीस कवचं निघाली.
एकवीस पास.
बाविसाव्याच्या पोटात भोक,
जोंधळ्याच्या दाण्याएवढं.
टॉर्च मारला. परत मारला.
बुजव गे लांबीनं, बसलिंग सर म्हणाले,
एवढ्यानं कोण मरतंय.
खरंच, एवढ्यानं कुणी मरत नाही.
मी ब्रश लाल रंगात बुडवला.

व्हिएतनामवाला किलोमागं नऊ रुपये कमी घेतो,
असं मालक दर सोमवारी सांगतात,
पगारवाढीचा विषय निघायच्या आधी.
तेव्हा मला तिकडची एक मुलगी दिसते,
माझ्यासारखीच, हातात टॉर्च,
कवचाच्या पोटात वाकून बघणारी.
तिच्या घरचं काय गेलं असेल काट्यावर?
होडी? भाताचं खाचर?
तिलाही तिचा मालक सांगत असेल
बेळगाववाल्यांचा दर.
एकमेकींचं नाव माहीत नसताना
आम्ही दोघी एकमेकींना स्वस्त करत चाललोय.

टीव्हीवर देश साडेसहा टक्क्यांनी वाढला.
बाबा चहाची बशी खाली ठेवतात.
रुंदीला का लांबीला?
मी हसले.
ते हसले नाहीत.
लांबीला वाढवायचं तर ताणा लागतो,
रुंदीला वाढवायचं तर मागच बदलावा लागतो,
हे त्यांना ठाऊक आहे.
मला तीन गुणांपुरतंच.

पूर्वी आमच्या गल्लीत लाइट रात्री दोनला यायची
आणि शंभर माग एकदम बोलायला लागायचे.
आता लाइट दिवसभर असते.
बाबा तरी दोनला उठतात.
अंधारात उशाखालचा धोटा काढून
अंगठ्यानं त्याचं टोक चाचपतात,
बोथट झालंय का बघतात.

आपल्या मागाचं काय झालं गे?
पंप झाला, बाबा. परदेशी गेला.
विमानानं?
जहाजानं. पाणी उपसतोय आता.
बरं, पाणी तर पाणी.
थोडा वेळ काहीच नाही.
मग, त्याच आवाजात,
सगळा गेला?

बाविसावं कवच यार्डात पडून आहे,
लाल, पालथं,
पुढच्या हीटची वाट बघत.

झोपा आता, मी म्हणाले.
लाइट काही जात नाही.