सेकंदाला एक बुडबुडा

फहाहीलमध्ये, चौथ्या मजल्यावर,
दोन फुटी काचपेटीत मी जे तण लावलंय
ते आमच्या खाचरातून काकी उपटून बांधावर फेकायची.
इथे त्याला रोटाला म्हणतात.
विमानाने येतं. दीड दिनारला पाच काड्या.
आणि काही केल्या लाल होत नाही.

दुकानदार म्हणाला, हवा कमी पडते त्याला, सिलिंडर घे.
पंचेचाळीस दिनार. रेग्युलेटर वेगळा.
मला हसू आलं.
बारा तास मी दुसरं काय करतो,
दुसऱ्यांच्या वायूंचे काटे वाचतो,
आकडे लिहितो, सही करतो,
आणि वर चिमणीच्या टोकाला
ती ज्योत फडफडत असते, फुकट.

तर पहिली बाटली अशी:
दोन लिटरची, लेबल सोललेली.
दोन वाट्या साखर, चिमूटभर यीस्ट, कोमट पाणी.
झाकणाला तापल्या खिळ्याने भोक,
भोकातून सलाईनची नळी,
इस्पितळातल्या लिसम्माने दिलेली, मुदत संपलेली.
कुणाला लावतोस, तिने विचारलं.
गवताला, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी बाटली बोलू लागली.
चौथ्या दिवशी वास.
परकारने कपाट उघडलं आणि तसंच लावलं.
"मेल्या, दारू गाळतोस काय रे?"
हसत नव्हता तो.
या मुलुखात साखर आणि यीस्ट एका बाटलीत सापडले
तर गवताची गोष्ट कोण ऐकून घेणार?
रात्री दीड वाजता बेसिनमध्ये ओतली,
नळ पूर्ण सोडून,
दोघांनी, चोरासारखी, आपलीच साखर.

मग लिंबूसत्व आणि खायचा सोडा.
बाटल्या दोन, नळी एक,
एकीला हलकेच दाबलं की दुसरीत ढोकळ्यासारखं फसफसतं.
वास नाही. लिंबूसत्वाचे पैसे परकारने दिले, न सांगता.
दाढीच्या ब्रशाने सांध्यांना फेस लावून
गळती शोधली, कंपनीत शोधतो तशी.
फक्त इथे सापडल्यावर
कुणाला फोन करायचा नव्हता.

पेटीतला निळा थेंब हिरवा झाला.
हावरटपणा केला मी, चिमटा सैल सोडला, झोपलो.
सकाळी थेंब पिवळा, मासे वर,
तोंडं पाण्याबाहेर काढून.
एक गप्पी गेला.
त्याच दुपारी लिहून चिकटवलं काचेवर:
दिवा बंद, चिमटा बंद.
अंधारात झाडंही तेच सोडतात जे आपण.

शनिवारी हारिस आला, रमदान, मिसरचा,
वासाची चौकशी करायला, नऊ दिवस उशिरा.
बाटल्या पाहिल्या. झाकण उघडून नाकाशी नेली.
मग पेटीसमोर उकिडवा बसला.
मी काही बोललो नाही. चिमटा दाखवला,
सलाईनच्या कुपीत थेंब पडतो तिथे
उलटा चढणारा बुडबुडा दाखवला.
तो बोटाने मोजू लागला,
वाहिद, इतनेन, तलाता,
मीही मोजत होतो, पण मनात, मराठीत,
आणि सात की सबा इथे
आमचे आकडे चुकले.

पानांच्या कडेला तेव्हा
बारीक मणी धरले होते.
एक सुटला. वर गेला.
"आमच्या कालव्यात असतं हे," तो म्हणाला,
"गवत आहे."
हो, म्हटलं.
शेंडे अजून हिरवेच आहेत.