समोरचा कॅमेरा

जावयानं नागपुरातून आणला, काचेला चिकटवला,
आरशाच्या मागे, लिंबू-मिरचीच्या जरा वर.
म्हणाला, आता कोणी तुमच्यावर आळ घेणार नाही.
मागचाही मिळत होता, पण त्याचे बाराशे वेगळे.
मी म्हटलं, मागचं पाहून काय करता बाप्पा,
काळीपिवळीला जायचं असते समोर.

तारीख मात्र कोणालाच लावता आली नाही.
कॅमेऱ्यात रोजच एक जानेवारी.
जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, एक जानेवारी.
पळस पेटला, एक जानेवारी.
करंजीच्या वळणावर रोह्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला,
शेवटचं पिल्लू थांबलं, काचेत पाहिलं,
रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं,
आणि वर ऊन असं की डांबर चपलेला धरते.

कार्ड भरलं की तो जुनं पुसतो, त्यावरच नवं लिहितो.
मला ते बरं वाटायचं.
सारवलेल्या अंगणासारखं.
कालचे पाय आज नाहीत.

लटारी किनाके लुनावर होता,
पायाशी सरकीच्या ढेपेचं पोतं,
डोक्याला दुपट्टा, त्याचं टोक वाऱ्यावर.
मी हॉर्न दिला. दोनदा.
तो साईडपट्टीच्या गिट्टीवर उतरला
आणि मागे न पाहता डावा हात हलवला,
ज्वारीवरून पाखरं उडवावी तसा: जा, जा.
मी गेलो.
चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून आधी चाक गेलं, मग पोतं,
मग हात.

कोळशाचा टिप्पर माझ्या मागे होता.

जमादारानं बोटभर पडद्यावर पाहिलं,
दातातली काडी काढली.
यात काय आहे? माणूस तर चांगला चालला आहे.
आणि ही तारीख पाहा.

नऊ दिवस गाडी पानठेल्याजवळच्या निंबाखाली उभी.
चावी फिरवली की तो लिहायला लागतो,
आणि कोणत्या दिवसावर लिहील, मला सांगता येत नव्हतं.
जावई फोनवर म्हणे, कार्ड काढून ठेवा ना मामा.
नखानं काढायला गेलो. हात थरथरला. राहू दिलं.
येणारे-जाणारे विचारत,
काहून हो, गाडीले सुतक हाय का?

दहाव्या दिवशी त्याची वैजंती आली,
आशा वर्करची साडी, पर्समध्ये कार्ड लावायचं यंत्र.
तिनं ते अलगद काढलं, जसं लेकराच्या डोळ्यातलं कुसळ.
बोनेटवर मोबाईल ठेवून पाहिलं. सतरा सेकंद.
परत पाहिलं. परत.
मग म्हणाली, आवाज वाढवू का?

आवाजात दार खडखडत होतं,
मागच्या सीटवरचा कोणी चुना मागत होता,
आणि माझा हॉर्न, आणि माझा हॉर्न.

"सारे म्हणतात, बाबाले आयकू येत नव्हतं म्हणून गेला.
आयकलं त्यानं. हात पाहा ना, काका.
आयकलं."

मी हात पाहिला.
मला गिट्टी दिसत होती.
त्या गिट्टीवरून तो परत डांबरावर चढला असेल,
मी गेलो, आता रस्ता मोकळा, असं समजून,
मागे न पाहता.
तेवढं कॅमेऱ्यात नाही. बाराशेचं होतं ते.
मी म्हटलं, हो, आयकलं.

तिनं ते मोबाईलमध्ये घेतलं, कार्ड परत लावून दिलं,
आणि ऑटोत बसताना पदरानं काचेवरची धूळ पुसली,
जिथून तो पाहतो तेवढीच.

संध्याकाळी मार्डीच्या पाच सवाऱ्या.
चावी फिरवली, लाल टिकली लागली. एक जानेवारी.
नाल्याच्या पुढं एक बंडी, वर कडबा,
कडब्यावर झोपलेलं एक पोरगं.
मी हॉर्नवर हात ठेवला. ठेवलेला राहिला.
बैलांच्या चालीनं एक किलोमीटर, दीड, दोन.

मागून कोणी म्हणालं,
काहून हो, हार्न बिघडला का?