झारेकरणीच्या मुलीचं उत्तर

आठवी ब. बशीत मी कालवून ठेवलेलं
वाळू, मीठ, लोखंडाचा कीस.
चुंबक रुमालात, शेजारी गाळणकागद, स्पिरिटचा दिवा.
वेगळं कसं कराल, विचारलं
आणि उत्तर फळ्यावर लिहायला वळलोसुद्धा.

मागून तस्लीम म्हणाली, "सर, आधी जाळायचं."

वर्ग हसला. मीही, थोडा.
"जाळल्याशिवाय केस जात नाहीत सर.
केस, दोरे, विडीची थोटकं, बसची तिकिटं.
मग राख चाळायची. मग लोहचुंबक. मग पाणी."

तिची आई, हमीदाबी,
पहाटे पाचला सोन्या मारुती चौकातून
रविवार पेठेच्या बोळात शिरते
कुंचा आणि पत्र्याचं सूप घेऊन.
शटरं खाली, वर माळ्यावर बंगाली कारागीर झोपलेले.
त्यांच्या पायपुशीत, मोरीच्या जाळीत, फरशीच्या भेगेत
जे सांडलं ते तिचं.
फुकट नाही. शेठला वर्षाचे पैसे आगाऊ मोजलेत.

एका रविवारी गेलो,
तस्लीमची वही बघायला आलोय असं म्हणत.
नागझरीच्या कडेला पत्र्याची पडवी,
लाकडी परात पाण्यात अशी फिरत होती
की पाण्याला वाटावं आपणच फिरतोय.
हलकं काठावरून निघून जातं,
जड बसून राहतं.
वीस वर्षं मी घनता शिकवतो.
घनतेला मनगट असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तेजाब. चांदी विरघळली, तांबंही,
पाणी निळंहिरवं झालं
आणि तळाशी राहिला तपकिरी चिखल
ज्याला सोनं म्हणायला धीर लागतो.
निवळ पाणी ओतून घेऊन तिने त्यात तांब्याची पट्टी सोडली.
तासाभरात पट्टीवर चांदीची लव.
"हे का होतं?" तिनेच मला विचारलं.
म्हटलं, तांबं जास्त उतावीळ,
ते पाण्यात उतरतं, चांदीला बाहेर काढतं.
"म्हणजे बसमधल्या जागेसारखं," ती म्हणाली
आणि पट्टी झटकली.

पाऱ्याचं मात्र ती बोलली नाही.
बाटली कोपऱ्यात होती, मी पाहिली.
बारीक कण परातीला दाद देत नाहीत,
त्यांना पारा कवटाळतो;
फडक्यातून पिळायचं, उरलेली गोळी निखाऱ्यावर ठेवायची,
पारा उडून जातो.
पुस्तकात तिथे नळी असते, नळीभोवती थंड पाणी,
पलीकडे दुसरं भांडं.
इथे खिडकी होती. तीही अर्धी.

चहा आला. कप बशीवर वाजत वाजत आला.
"थंडी," हमीदाबी म्हणाली.
ऑक्टोबरचा उकाडा होता, माझा सदरा पाठीला चिकटलेला.

सहामाहीत प्रश्न चौथा: ऊर्ध्वपातनाची आकृती काढा, नावे द्या.
तस्लीमची आकृती पट्टीने आखलेली,
नावं सगळी बरोबर, पाणी आत येण्याची बाजूसुद्धा.
पाचपैकी पाच.
समासात पेन्सिलने, बारीक:
सर ही नळी केवढ्याला मिळते

काच चालणार नाही. लोखंडाची लागेल,
बूड जाड, झाकण घट्ट.
गंज पेठेतल्या वेल्डिंगवाल्याला मी
तिचीच आकृती दाखवली,
गुण दिलेला कोपरा दुमडून.
त्याने काळा चष्मा वर केला, कागद उलटा धरला,
मग सुलटा.
"हे भट्टीचं आहे का सर?"
म्हटलं, हो. आणि दुसरं टोक
बादलीत बुडेल इतकं लांब ठेव.