कमाल क्षमता

मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये
वेल्डिंगच्या पोटात डोकावणारा माणूस एकच, जयसिंग घाटगे.
बाकीच्यांना दिवसपाळी असते, त्यांना कायमची रात्र.
शेड रिकामी झाली की ते दोर बांधतात,
लाल दिवा लावतात, शिट्टी मारतात,
आणि लांब उभे राहून हँडल फिरवतात.
जड डब्यातून मसुरीएवढा इरिडियम
नळीनळीनं जोडापर्यंत सरकतो.
तेवढा वेळ तिथं मांजरही नको.

मी वरच्या मजल्यावर तक्ते बनवते.
दहेजचा एक्स्चेंजर. कोयलीचा कॉलम.
हजिऱ्याच्या टाक्या.
तिन्ही कामं वेगवेगळ्या फायलींत होती
तोवर सगळं हिरवं होतं.
मंगळवारी मी त्या एकत्र जोडल्या
आणि घाटग्यांची अख्खी ओळ
ठेच्याच्या मिरचीसारखी लाल झाली.
नऊ ते तेरा जानेवारी, अडीचशे टक्के.

पारेखसाहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
म्हणाले, कमाल क्षमतेच्या रकान्यात
शंभराच्या जागी तीनशे टाक ना.
टाकलं.
लाल गेलं.
तीन गिऱ्हाइकं, तीन तारखा, कुठंच भांडण नाही.
साहेबांनी चहा मागवला,
वर खारी.

रात्री घाटगे जिन्यावरून वर आले,
हाताला फिल्म धुण्याच्या पाण्याचा वास.
‘बेन, तुमच्या तक्त्यात मी किती माणसं आहे?’
अडीच, म्हटलं.
‘मग दीड जणाचा पगार कोण नेतो?’
ते हसले. मीही हसले,
हसू नये तिथं हसतात तशी.
मग त्यांनी खिशावरचा बिल्ला काढून
माझ्या की-बोर्डवर ठेवला,
काडेपेटीएवढा.
‘हा दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो.
अंगात किती शिरलं ते तिथं वाचतात.
ह्याला रकाना नाही, बेन.
ह्याला साहेबही नाही.’

खिडकीबाहेर पोरं उत्तरायणाआधीच
अंधारात तुक्कल चढवत होती.
घाटगे बराच वेळ तो दिवा बघत राहिले.
‘रावपुऱ्यात आमच्या गच्चीवर
एका फिरकीवर तीन पतंग लावायचा नाद होता मला.
चढायचे. नाही असं नाही.
वारा सरळ आहे तोवर तिन्ही चढायचे.
मग एक म्हणायचा ढील दे, दुसरा म्हणायचा खेच,
आणि कापायला
समोरच्या गच्चीची गरजच उरायची नाही.’

ते खाली गेले. बिल्ला न विसरता.

मी रकान्यात पुन्हा शंभर लिहिलं.
लाल परत आलं, आपल्या घरी आल्यासारखं.
लेव्हलचं बटण दाबलं
तशा पट्ट्या एकामागून एक उजवीकडे सरकल्या.
कोयली जागेवर. दहेज एकवीसला.
हजिरा थेट फेब्रुवारीत.
चौदा आणि पंधरा कोरे राहिले.
वासी उत्तरायण ह्या सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं,
ते मी डिसेंबरातच हातानं भरून ठेवलं होतं.

साहेबांना लिहिलं,
तारखा बरोबर होत्या, माणसं मोजताना चूक झाली.
मग वाटलं, ‘झाली’ कशाला.
खोडून ‘केली’ लिहिलं, आणि पाठवलं.

उत्तर अजून आलेलं नाही.
खाली शिट्टी वाजली.
मी खुर्ची भिंतीकडे ओढून घेतली
आणि लाल दिवा विझेपर्यंत
जागची हलले नाही.