शॉर्ट

उदगीरला स्टँडमागं माझं वायंडिंगचं दुकान.
जळकी मोटर आली की आधी उघडतो,
काळी तार उपटतो,
मग नवे वेढे मोजत बसतो.

महानंदाच्या फिल्मवर
उजव्या कानाच्या वर तसाच गुंता.
डॉक्टर म्हणाले, मधल्या बारीक नळ्याच नाहीत,
रोहिणी थेट नीलेत घुसलीय.
(नावं अशी, जणू दोघी मावसबहिणी.)
म्हणजे शॉर्ट, मी म्हणालो.
हो, तसंच.

पण उघडायचं नाही.
डोक्याला चार स्क्रू, चौकट,
आणि दिसत नाहीत, पोळत नाहीत असे किरण.
तासाभरानं बाहेर आली, म्हणाली, भूक लागलीय.
हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं परतलो.

गुंता सुकायला दोन वर्षं, तीनही.
तोवर फुटूही शकतो.
गिऱ्हाईक तर उभ्या उभ्या बटण दाबून बघतं.
हिला कुठलं बटण?

चौदा महिने झाले.
अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढते.
कुंकवाच्या दोन्ही अंगाला
स्क्रूचे ठिपके, फिकट.
ती शिंकली तरी माझ्या हातातली पक्कड थांबते.

काल रात्री तिनं माझं डोकं ओढून
कानाशी कान लावला.
"घूं घूं येतंय का?"
मोटरचा दोष मी आवाजावरून सांगतो.
खोबऱ्याचं तेल, केस,
लांब कुठंतरी ट्रक.
नाही, म्हणालो.
"मलाबी कमीच येतंय आताशा,"
म्हणाली, आणि कूस बदलून
लगेच झोपली.

मी मोजत बसलो.